कातडीवरची लाल गाठ



अंगावर कधी गाठ उठली नाही असा माणूस गावात शोधून सापडणार नाही. कुणाच्या मानेवर उठते, कुणाच्या काखेत, कुणाच्या मांडीवर. बसता येत नाही, निजता येत नाही, कामात लक्ष लागत नाही. मग घरातली चार माणसे चार उपाय सांगतात. आजी म्हणते, "चुना लाव बाबा." शेजारी म्हणतो, "अहो, पिळून टाका, मोकळे व्हाल." कुणी म्हणते, "उष्णता झाली, आंबे खाल्लेत ना!" तर कुणाला वाटते, नजर लागली.

उपाय सगळे सांगतात. पण ही गाठ कशाची आहे, हे कुणी विचारत नाही. खरे तर पहिला प्रश्न तोच विचारायला हवा. लाल गाठ दिसायला सारखी, पण तिची कारणे निरनिराळी. डास चावला तरी गाठ येते. केसाच्या मुळाशी पू झाला तरी येते. काटा आत मोडून राहिला तरी येते. एक गाठ दोन तासांत जाते, दुसरी दोन आठवडे छळते, आणि तिसरी वेळेवर ओळखली नाही तर जिवावर बेतते. म्हणून आधी ओळख, मग उपाय. एवढी एकच गोष्ट या पाठात शिकायची आहे.

गाठ लाल का होते?

समजा, रात्री शेतात रानडुकरे शिरली. राखणदार हाळी देतो. गावातली माणसे काठ्या घेऊन त्या बाजूला धावतात. बांधावर गर्दी होते. आपल्या शरीरातही असेच घडते. कातडीतून जंतू आत शिरले, किंवा किड्याने विष टोचले, की शरीर हाळी देते. त्या जागी जास्त रक्त धावते. रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या आपल्या राखणदार.

जास्त रक्त आले म्हणून जागा लाल होते आणि गरम लागते. रक्तातले पाणी झिरपते म्हणून सूज येते. सुजेने आतल्या भागावर ताण पडतो म्हणून ठणका लागतो. आणि पू म्हणजे काय? लढता लढता मेलेल्या पांढऱ्या पेशी आणि मेलेले जंतू यांचा तो ढीग असतो. म्हणजे लाली हा काही स्वतंत्र रोग नव्हे. आत लढाई चालली आहे, ही तिची खूण आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्यापैकी पुष्कळांची कातडी सावळी किंवा काळी असते. तिच्यावर लाली चटकन दिसत नाही. जागा काळपट किंवा जांभळट दिसते. म्हणून नुसते डोळ्यांनी पाहू नये. हाताची मागची बाजू त्या जागेवर ठेवावी, मग शेजारच्या जागेवर ठेवावी. ऊन लागते का, कडक लागते का, हे हाताला लगेच कळते.

गाठीला पाच प्रश्न विचारा

गाठ दिसली की घाबरू नका. स्वतःला पाच प्रश्न विचारा.

१. गाठ एक आहे की अनेक?
२. दुखते की खाजते? की काहीच होत नाही?
३. किती दिवसांची आहे? वाढते आहे की कमी होते आहे?
४. कोठे आहे? तोंडावर आहे का?
५. अंगात ताप आहे का?

या पाच उत्तरांवरून बरेच काही समजते. आता एकेक कारण पाहू.

किडा चावल्याची गाठ

गाठ लहान असेल, फार खाजत असेल आणि एकापेक्षा जास्त असतील, तर बहुधा डास, पिसू किंवा ढेकूण चावला आहे असे समजावे. ढेकणाच्या गाठी पुष्कळदा एका ओळीत उठतात. सकाळी उठल्यावर दिसतात. अशा गाठीवर गार पाण्याची घडी ठेवावी. खाजवू नये. नखातली घाण आत गेली की साध्या गाठीचे गळू होते. मुलांची नखे कापलेली असावीत, ती याचसाठी.

मधमाशी चावली तर तिची नांगी कातडीत राहते. ती ताबडतोब नखाने खरवडून काढावी. वेळ जाईल तितके जास्त विष आत जाते. गांधीलमाशी नांगी सोडत नाही, पण ती पुन्हा पुन्हा डसू शकते. दोन्हींवर गार घडी बरी.

मात्र माशी डसल्यावर ओठ सुजले, घसा आवळल्यासारखा वाटला, धाप लागली किंवा चक्कर आली, तर घरी उपाय करीत बसू नये. लगेच १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. काही माणसांना हे विष अजिबात सोसत नाही. तेथे अर्ध्या तासाचा उशीरही घातक ठरतो.

पित्ताच्या गांधी

अंगावर एकाएकी लाल चट्टे उठतात. फार खाज सुटते. एका ठिकाणचा चट्टा काही तासांत मावळतो आणि दुसऱ्या ठिकाणी नवा उठतो. याला आपण "पित्त उठले" म्हणतो. कधी एखादा पदार्थ सोसत नाही, कधी एखादे औषध, कधी तापाच्या साथीतही गांधी उठतात. आमसुलाचे पाणी लावतात, त्याने गार वाटते. पण त्या दिवशी नवीन काय खाल्ले, कोणती गोळी घेतली, हे आठवून ठेवावे आणि डॉक्टरांना सांगावे. येथेही तीच सूचना : ओठ, जीभ सुजली किंवा श्वास अडखळला, तर धावत दवाखान्यात.

केसतूड आणि गळू

आता मुख्य गोष्ट. गाठ एकच आहे, कडक आहे, ठणकते आहे आणि दिवसेंदिवस मोठी होते आहे. चार-पाच दिवसांनी तिला पिवळे तोंड येते. हे केसतूड. कुणी याला करट म्हणतात. केसाच्या मुळाशी जंतू शिरून पू होतो. मान, काख, जांघ, मांडी, कुल्ले, जेथे घाम येतो आणि कपडा घासतो, तेथे ते जास्त होते. पापणीच्या कडेला होते ती रांजणवाडी. तीही याच जातीची.

हे जंतू कोणते? स्कॉटलंड देशात अलेक्झांडर ऑगस्टन नावाचे शस्त्रवैद्य होते. त्यांनी १८८० साली गळवातला पू सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवून पाहिला. त्यांना गोल गोल जंतू घोळक्याने दिसले, अगदी द्राक्षांच्या घडासारखे. ग्रीक भाषेत द्राक्षाच्या घडाला जो शब्द आहे, त्यावरून त्यांनी या जंतूंना स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. नाव अवघड आहे, ते पाठ करायला नको. द्राक्षाचा घड तेवढा आठवणीत ठेवा.

हे जंतू लांबून येत नाहीत. सुमारे दर तीन माणसांत एकाच्या नाकात ते असतात, आणि त्या माणसाला काही त्रास होत नाही. कातडी शाबूत आहे तोवर ते बाहेर राहतात. कोठे खरचटले, खाजवले, वस्तऱ्याने कापले, की त्यांना दार उघडे मिळते.

मग आंब्याचे काय? आंबे खाल्ल्याने गळू होत नाही. गळू जंतूंमुळे होते. पण आंब्याचे दिवस म्हणजे उन्हाळ्याचे दिवस. घाम फार येतो, घामोळे उठते, आपण ते खाजवतो. पाणी कमी म्हणून आंघोळही कमी. दोष आंब्याला लागतो, काम मात्र जंतूंचे असते.

गळू का पिळू नये?

गळू झाले की शरीर त्याच्याभोवती कुंपण घालते. जसा आपण शेताला बांध घालतो, तसा. घाण त्या बांधाच्या आत कोंडून ठेवायची आणि मग हळूहळू वरून बाहेर टाकायची, असा शरीराचा बेत असतो. आपण दोन बोटांनी दाबतो तेव्हा थोडा पू वर येतो, म्हणून आपल्याला बरे वाटते. पण खालचा बांध फुटतो. पू आत पसरतो. कधी तो रक्तात जातो. एक बोटभर गळू मग सबंध माणसाला आडवे करते.

त्यातही तोंडावरचे गळू फार जपावे. नाकाचा वरचा शेंडा आणि ओठांची दोन टोके धरून एक त्रिकोण कल्पावा. या त्रिकोणातल्या रक्तवाहिन्या डोक्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या आहेत. तेथली पुळी पिळली तर जंतू थेट मेंदूजवळ पोचू शकतात. असे क्वचित होते, पण झाले तर प्राणावर बेतते. म्हणून नाकावरची आणि वरच्या ओठावरची पुळी कधीही, कुणीही पिळू नये. तरुण मुलांना आरशासमोर उभे राहून पुळ्या फोडायची सवय असते. त्यांना हे मुद्दाम वाचून दाखवा.

मग करावे काय?

स्वच्छ फडके गरम पाण्यात बुडवून पिळून घ्यावे. हाताला सोसेल इतपतच गरम असावे. ते गळवावर दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. असा शेक दिवसातून तीन-चार वेळा द्यावा. शेकाने रक्त धावते, पू वर येतो आणि गळू आपोआप फुटते. पूर्वी पोटीस बांधत. त्यातही काम करीत असे तो शेकच. ज्यांना मधुमेहामुळे पाय बधिर झाले आहेत, त्यांनी पायाला शेक देऊ नये. भाजलेले त्यांना कळत नाही.

गळू फुटल्यावर पू स्वच्छ कापसाने किंवा फडक्याने पुसून घ्यावा. साबणाने धुऊन वर स्वच्छ पट्टी बांधावी. पुवाची फडकी जाळून टाकावीत. हात साबणाने धुवावेत, हात लावण्यापूर्वीही आणि नंतरही. त्या माणसाचा पंचा, अंथरूण, वस्तरा घरात इतरांनी वापरू नये. कपडे गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावेत. असे केले नाही तर एकाचे गळू घरभर फिरते.

काय करू नये? चुना, तंबाखू, राख, शेण लावू नये. शेणात आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. सुईने टोचू नये. डाग देऊ नये. तापलेल्या लोखंडाने जंतू मरत नाहीत, पण माणसाला नवी जखम होते.

गळू मोठे झाले, दिवसेंदिवस वाढत गेले किंवा आठवड्यात उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जावे. ते जागा बधिर करून लहानसा चिरा देतात आणि पू काढतात. पाच-दहा मिनिटांचे काम. त्याची भीती बाळगू नये.

गोळ्या अर्ध्यावर सोडू नका

डॉक्टर कधी कधी जंतू मारण्याच्या गोळ्या देतात. त्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९२८ साली लंडन शहरात अलेक्झांडर फ्लेमिंग हे शास्त्रज्ञ याच द्राक्षाच्या घडासारख्या जंतूंचा अभ्यास करीत होते. एका बशीत चुकून बुरशी पडली. बुरशीभोवतालचे जंतू मेलेले दिसले. त्या बुरशीतूनच पुढे पेनिसिलिन हे औषध निघाले.

१९४१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड गावी एका पोलिसाला ते टोचण्यात आले. त्याच्या तोंडाला आणि डोक्याला जंतूंची लागण झाली होती. एक डोळा काढावा लागला होता. औषध टोचल्यावर तो सुधारू लागला. ताप उतरला, अन्न जाऊ लागले. पण तेव्हा औषध फार थोडे तयार होत असे. पाच दिवसांत ते संपले. रोग उलटला, आणि मार्च महिन्यात तो पोलीस मरण पावला.

त्या बिचाऱ्याला औषध पुरले नाही. आज औषध मिळते, तर आपण दोन दिवसांत बरे वाटले की गोळ्या बंद करतो. उरलेल्या फडताळात ठेवतो आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याला देतो. अशाने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. गळवाच्या बहुतेक जंतूंना आज साधे पेनिसिलिन लागू पडत नाही, इतके ते शहाणे झाले आहेत. म्हणून गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात आणि सांगितले तितके दिवस घ्याव्यात.

पुन्हा पुन्हा गळू होत असेल तर

एक गळू बरे होते न होते तोच दुसरे. किंवा मानेवर, पाठीवर एकच मोठी गाठ, आणि तिला चाळणीसारखी अनेक तोंडे. हिला काळपुळी म्हणतात. अशा वेळी रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेह असला की शरीराचे राखणदार सुस्त होतात आणि जंतूंचे फावते. पुष्कळांना मधुमेहाचा पत्ता पहिल्यांदा गळवामुळेच लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. आशाताईंना विचारा, त्या वार आणि वेळ सांगतील.

लाली पसरत असेल तर

गाठीला टोक नाही, पण लाली पसरत चालली आहे. जागा गरम, ताणलेली, दुखरी. थंडी वाजून ताप आला आहे. पुष्कळदा हे पायावर होते. पायाच्या बोटांतल्या चिखल्यांतून किंवा भेगांतून जंतू शिरतात. जुनी माणसे याला धावरे म्हणत. नाव अगदी बरोबर आहे, कारण ते धावते.

येथे तुम्ही नुकतेच हाती धरायला शिकलेले पेन उपयोगी पडेल. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढा. बाजूला वेळ लिहा : "सकाळी ८." काही तासांनी पाहा. लाली रेघेबाहेर गेली असेल तर रोग पसरत आहे हे पक्के. पण ताप असेल तर रेघेचीही वाट पाहू नका. गाठीपासून काखेकडे किंवा जांघेकडे लाल रेघ चढताना दिसली, किंवा जांघेत अवधाण आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तेथे जी रेघ दाखवाल, ती डॉक्टरांना फार मोलाची आहे.

मोडलेला काटा

बाभळीचा काटा पायात मोडतो. टोक आत राहते. वरून जखम भरते आणि काही दिवसांनी तेथे दुखरी लाल गाठ येते. काटा निघेपर्यंत ती बरी होत नाही. स्वच्छ हत्याराने तो काढून घ्यावा आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल दवाखान्यात विचारावे.

विडीच्या चटक्यासारखी खपली

पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतात, झुडपांत अगदी बारीक किडे असतात. डोळ्यांना ते धड दिसतही नाहीत. ते चावतात तेथे आधी लहान गाठ येते. मग तिच्यावर काळी खपली धरते, जणू विडीचा चटका बसला आहे. ती दुखत नाही, म्हणून लक्ष जात नाही. काख, जांघ, कंबर अशा झाकल्या जागी ती असते. आठ-दहा दिवसांनी जोराचा ताप येतो, डोके ठणकते. या तापाला स्क्रब टायफस म्हणतात. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात याचे बरेच रोगी सापडले होते. याच्यावर चांगले औषध आहे, पण ते लवकर सुरू व्हावे लागते. उशीर झाला तर माणूस दगावतो. म्हणून शेतात काम करणाऱ्याला ताप आला, तर सगळे अंग तपासावे आणि अशी खपली दिसली तर डॉक्टरांना आपण होऊन दाखवावी.

न दुखणारी, न खाजणारी गाठ

दुखत नाही म्हणून आपण जिची पर्वा करीत नाही, तीच कधी कधी घात करते. अंगावर लालसर किंवा तांबूस चट्टा आहे, तेथे टोचलेले समजत नाही. किंवा कानाच्या पाळीवर गुळगुळीत गाठी आहेत. हा कुष्ठरोग असू शकतो. तो ना शाप आहे, ना पापाचे फळ. तोही जंतूंचा रोग आहे. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध फुकट मिळते. ६ ते १२ महिने नेमाने घेतले की रोग बरा होतो. औषध सुरू झाले की थोड्याच काळात दुसऱ्याला लागण होण्याची भीती राहत नाही. रोगी लपवला तर मात्र हातापायाची बोटे जातात.

तसेच महिना उलटला तरी न बसणारी, वाढणारी किंवा वारंवार रक्त येणारी गाठही डॉक्टरांना दाखवावी.

कारण कळले, रोग गेला

म्हाताऱ्या माणसांना नारू आठवत असेल. पायावर लाल फोड यायचा, आग व्हायची आणि त्यातून हातभर लांब पांढरा दोऱ्यासारखा किडा निघायचा. लोक त्याला दैवाचा कोप म्हणत. खरे कारण होते पाणी. पायऱ्यांच्या विहिरीत नारूचा रोगी उतरे, किड्याच्या अळ्या पाण्यात पडत, आणि तेच पाणी न गाळता इतर लोक पीत. कारण कळल्यावर लोकांनी पाणी गाळून प्यायला सुरुवात केली, पायऱ्यांच्या विहिरी सुधारल्या. नारूवर ना लस होती, ना खास औषध. तरी १९९६ साली देशातला शेवटचा रोगी सापडला, आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. आपल्यासारख्याच खेड्यातल्या माणसांनी, फडक्याने पाणी गाळून, हा रोग घालवला. कारण समजून घेण्याची ताकद एवढी मोठी आहे.

लक्षात ठेवा

१. खाजरी गाठ : गार घडी. पुवाची गाठ : गरम शेक.
२. पिळू नका, टोचू नका, डाग देऊ नका.
३. नाकावरची व वरच्या ओठावरची पुळी डॉक्टरांना दाखवा.
४. ताप, पसरणारी लाली, वर चढणारी लाल रेघ, काळी खपली, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. तान्ह्या मुलाच्या अंगावर गाठ आणि ताप असेल तरीही तसेच.
५. धाप लागली, ओठ सुजले : १०८.
६. पुन्हा पुन्हा गळू : साखर तपासा.

आपसांत बोला

१. आपल्या गावात गळवावर कोणकोणते उपाय करतात? त्यांपैकी कोणते चांगले, कोणते वाईट, आणि का?
२. घरात एकाला गळू झाले, तर पंचा आणि अंथरूण यांची काळजी कशी घ्याल?
३. आपले प्राथमिक आरोग्य केंद्र कोठे आहे? ते किती वाजता उघडते? शोधून वहीत लिहा.